वसईचा किल्ला पाहिलात? मग मठही पाहा!

मैत्रिणींनो, एक गोष्ट आधी कबूल करते. मी डोंबिवलीत संसार थाटून पंधरा वर्षं झाली. दुपारच्या शाळेत चार तास इतिहास शिकवते, तेही आता आठवं वर्ष. दर वर्षी फळ्यावर 'वसईचा विजय, १७३९' असं ठळक अक्षरात लिहिते. पण वसईचा किल्ला मात्र गेल्या डिसेंबरपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला नव्हता! घरापासून फार लांब नाही, एक गाडी बदलायची नाही, तरी जमलं नाही. मुलांच्या परीक्षा, पाहुणे, दिवाळीची साफसफाई... तुम्हांला वेगळं काय सांगायचं?

शेवटी गेले ती माझ्याच जिभेमुळे.

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आहेत. माहेर वसईचं, घराणं ख्रिस्ती. डबा नेहमी आम्ही एकत्र खातो. एकदा मी सातवीला चिमाजीअप्पा शिकवून आले होते, अंगात वीरश्री होतीच. डबा उघडता उघडता म्हटलं, "बरं झालं बाई, आमच्या अप्पांनी तुमची वसई घेतली! नाहीतर गोव्यासारखं तुम्हांलाही १९६१ सालापर्यंत थांबावं लागलं असतं." सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. मग पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाल्या, "आमची कुठली हो? किल्ला पोर्तुगीजांचा होता. आम्ही तेव्हाही भाताच्या बांधावरच होतो. एकदा येऊन तर बघा."

माझा घास घशातच अडकला. 'आमचे' आणि 'तुमची' हे दोन शब्द मी किती सहज वापरले होते! आणि तेही ज्या बाईच्या डब्यातलं लोणचं मी रोज खाते तिच्यासमोर. नाताळच्या सुटीत जायचं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

कोपरच्या वरच्या फलाटावरून

डोंबिवलीकर भगिनींना कोपर स्टेशन ठाऊक आहेच. त्याच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई मार्गाच्या गाड्या जातात. भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र अशी स्टेशनं घेत गाडी वसई रोडला पोचते. वाटेत खाडी, डोंगर, मिठागरं. मुलं खिडकी सोडायला तयार नव्हती. गाड्या मोजक्याच असतात, म्हणून वेळ आधी नीट पाहून ठेवा. चुकली तर दादरचा वळसा पडतो. ठाण्याच्या मैत्रिणींना घोडबंदर रस्त्यानंही जाता येतं. वसई रोडच्या पश्चिमेला उतरलं की किल्ला बंदराकडे जाणारी बस किंवा रिक्षा मिळते.

आमची वरात म्हणजे हे, दोन मुलं, मी आणि सासूबाई. सासूबाईंना यायचं होतं ते वेगळ्याच कारणानं. वज्रेश्वरीला त्या अनेकदा जाऊन आल्या आहेत. वसईच्या मोहिमेत यश आलं तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी देवीला केला होता आणि तो फेडला, ही कथा त्यांना पाठ. "नवस जिथं फळाला आला ती जागा एकदा पाहू दे," म्हणाल्या. गुडघे दुखत असताना निघाल्या, काठी घेऊन.

वसईच्या बाई पारनाक्यावर आमची वाट पाहत उभ्या होत्या. हातात एक जुनी वही.

दोनशे पाच वर्षांचं गाव

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रायगड, राजगड येतात. वसई तशी नाही. हा भुईकोट आहे, समुद्र आणि खाडीच्या काठचा. आणि तटाच्या आत नुसते बुरूज नव्हते, चांगलं नांदतं शहर होतं. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून १७३९ पर्यंत ही त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. आपल्या जुन्या कागदांतून या मुलखाला 'फिरंगाण' म्हणतात. आपलं ठाणंही त्यातच होतं. ठाण्याचा किल्ला, जिथं आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो त्यांचाच. मराठ्यांनी ठाणं आधी घेतलं, १७३७ मध्ये, आणि वसई दोन वर्षांनी हाती आली.

शहरात घरं, बाजार, कोठारं, इस्पितळ आणि मठ होते. मठ म्हणजे आपल्या शब्दात सांगायचं तर संन्याशांची वसतिगृहं. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेले ख्रिस्ती साधू तिथं एकत्र राहात. त्यांचे पंथ वेगवेगळे. संत फ्रान्सिसचे फ्रान्सिस्कन आणि संत डोमिनिकचे डोमिनिकन हे तेराव्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्याही आधीचे. जेझुइट मात्र नवे, १५४० सालचे. गंमत अशी, की ज्या काळात वसईत हे मठ उभे राहात होते, साधारण त्याच काळात, १५३६ ते १५४० या वर्षांत, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री तिथले जुने मठ मोडीत काढत होता. आज इंग्रज माणसं डबा घेऊन त्यांच्या पडक्या मठांना सहलीला जातात. आपल्याला त्यासाठी विलायत नको, वसई पुरे!

पडक्या भिंतींत घर पाहिलं

सुरुवातीला मला तिथं काही कळेना. वड-पिंपळाच्या मुळ्यांनी धरलेल्या भिंती, वर मोकळं आकाश, कमानीतून उडणारे पोपट. धाकटा म्हणाला, "आई, सगळं तर तुटलंय, बघायचं काय?" तेव्हा बाईंनी आम्हांला फ्रान्सिस्कनांच्या मठात नेलं आणि म्हणाल्या, "मंदिर बघू नका, घर बघा. चौसोपी वाडा कसा असतो?"

आणि खरंच मैत्रिणींनो, चित्र एकदम उलगडलं. प्रार्थनामंदिराला लागून मधे मोकळा चौक. चौकाच्या कडेनं कमानींची ओसरी. ओसरीला लागून राहण्याच्या खोल्या. असाच घाट या मठांचा सगळीकडे असतो. पाऊस असो, ऊन असो, ओसरीतून सगळीकडे फिरता येतं. जेवायला एक लांब दालन. तिथं सगळे एका पंगतीत बसत. जेवताना बोलायचं नाही, एकानं धर्मग्रंथ वाचायचा, बाकीच्यांनी ऐकत जेवायचं. (आमच्या घरी हा नियम एक दिवस तरी लावून पाहावा, असं मनात आलं!) मी इतिहास शिकवते खरी, पण घर सांभाळणारीच्या नजरेनं पाहिल्यावर इतिहास जेवढा दिसला तेवढा पुस्तकातून कधी दिसला नव्हता. इतक्या माणसांचा भात कुठं शिजत असेल? पाणी कोण ओढत असेल? सरपण कुठून येत असेल?

फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात डोक्यावर मोठमोठ्या दगडी कमानी एकापुढे एक अशा अधांतरी उभ्या आहेत. छप्पर गेलं, कमानी राहिल्या. ह्यांना वाटत होतं, मराठ्यांच्या तोफांनी छप्पर उडवलं असेल. वेढ्यात सुरुंग लागले, तट-बुरूज फुटले, हे खरंच. पण इमारतीची खरी मोडतोड नंतरची. १७३९ नंतर राहणारे निघून गेले, आणि रिकाम्या घराचं काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मृगाआधी कौलं परतली नाहीत तर एका पावसाळ्यात वासे कुजतात, दुसऱ्यात आढं वाकतं. इथं तर पावणेतीनशेहून जास्त पावसाळे गेले आहेत. सासूबाई वर पाहून एवढंच म्हणाल्या, "घर माणसांनी उभं असतं गं."

जेझुइटांच्या मंदिराचा दर्शनी भाग अजून चांगला शाबूत आहे. उंच खांब, वर कोरलेली येशूच्या नावाची आद्याक्षरं. डोमिनिकनांच्या मंदिराचा मनोराही उभा आहे. मात्र सगळं एका दमात पाहायला जाऊ नका. दोन ठिकाणं नीट पाहा, बाकीची पुढच्या वेळी.

दोन विधवांची थडगी

या मंदिरांतून चालताना पायाखाली लक्ष द्या. जमिनीतल्या कितीतरी फरशा म्हणजे थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर सरदारांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं. मुलं त्यांवरूनच धावत होती. सासूबाईंना बाईंनी सांगितलं मात्र, त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि नातवांना दटावलं, "पाय देऊ नका रे, माणसं निजली आहेत." मग आम्ही सगळ्यांनीच चपला काढल्या.

बाईंनी वही उघडली. जोझे गर्सन द कुन्हा या मुंबईच्या डॉक्टरांनी १८७६ साली चौल-वसईच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. पुढे १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही इथले लेख दिले आहेत. त्यांतले काही बाईंनी वहीत मराठीत उतरवून आणले होते. त्यात जेझुइटांच्या मंदिरातले दोन लेख बायकांचे. एक इझाबेल द आगियार, मृत्यू १५९१. दुसरी फिलिपा द फोन्सेका, मृत्यू १६२८. दोघीही विधवा, दोघींनी मठाला भरघोस मदत केलेली. फिलिपाबाईंनी तर हयातीतच आपलं होतं नव्हतं ते सगळं मंदिराला देऊन टाकलं, असं दगडावर कोरलेलं. आम्ही ते दगड शोधायचा प्रयत्न केला, पण झिजलेली अक्षरं काही पुरती लागली नाहीत.

सासूबाईंनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. त्यांना वैधव्य आलं तेव्हा हे आठ वर्षांचे होते. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे देण्यासारखं तिच्या नावावर काही होतं तरी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दुसरीकडे पाहू लागले. या वाक्यावर मी आणखी काही लिहीत नाही. तुम्ही ओळखाल.

बायकांच्या नावावर मालमत्ता कशी आली, त्याचीही एक हकीकत आहे. पोर्तुगालचा राजा चांगल्या घरातल्या अनाथ मुली जहाजानं इकडे पाठवी. त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंडा म्हणून सरकारी हुद्दा किंवा जमीनजुमला मिळे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी, सहा-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, पुढे अनोळखी नवरा! माहेरी परत जायची वाटच नाही. मला तर ऐकूनच कसंतरी झालं.

आणि ज्यांचं नाव दगडावर नाही ते

तेवढ्यात थोरल्यानं विचारलं, "पण एवढे पैसे आले कुठून?"

बाई जणू याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. "चला, दाखवते," म्हणाल्या आणि आम्हांला किल्ल्याबाहेर, आपल्या माहेरी घेऊन गेल्या. नारळी-केळींच्या वाडीतलं घर. पलीकडे कापणी झालेली भातखाचरं. "इथून आले," त्या म्हणाल्या. "तटाच्या आत पोर्तुगीज सरदार आणि धर्मगुरू राहायचे. बाहेरची गावं त्यांना नेमून दिलेली. भात आम्ही पिकवायचं, वसूल आत जायचा. माझ्या घराण्याचं किल्ल्यात एकही थडगं नाही."

धर्मांतराचाही विषय निघाला. त्यांनी तो टाळला नाही. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शिवाच्या लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च केलं, ते मराठ्यांनी वसई घेतल्यावर पुन्हा शिवाकडे आलं. गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. कोणी जबरदस्तीनं, कोणी आमिषानं, कोणी मनापासून. "आमचे पूर्वज यांतल्या कुठल्या रांगेत होते ते आता कोण सांगणार?" बाई म्हणाल्या. "पण जमीन तीच, भाषा तीच." १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. चिमाजीअप्पांनी त्यांना सामानसुमानासह जाऊ दिलं. ते जहाजांत बसून गेले. शेतकरी कुठं जाणार? ते बांधावरच राहिले. राज्य पेशव्यांचं झालं, मग इंग्रजांचं, मग आपलं.

बाईंच्या आई लाल लुगड्यात ओटीवर बसल्या होत्या. आपसात त्या कादोडी बोलत होत्या, सामवेदीही म्हणतात तिला. सासूबाईंना निम्मंशिम्मं कळत होतं, तरी दोघींच्या गप्पा लग्नकार्यावर आल्या आणि रंगल्या. ख्रिस्ती लग्नातही उंबराचं पाणी आणायचा विधी असतो, हे ऐकून सासूबाई उडाल्याच! "अगं, आपल्याकडेही देवकाला उंबर लागतो की!" पुढचा अर्धा तास आम्हांला कोणी विचारलं नाही. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. २०२४ मध्ये ते गेले. त्यांचं नाव मी वर्गात सांगितलं होतं. पण वसईची मराठी इतक्या जवळून, चहाच्या कपाबरोबर, तेव्हाच ऐकली.

निघताना आईंनी हातात सुकेळ्यांची पुडी ठेवली. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात सुकवतात आणि केळीच्या वाळक्या पानांत बांधतात. ना साखर, ना तूप. मुलांच्या डब्यात द्यायला याहून चांगला गोड पदार्थ नाही. कुठं मिळाली तर सोडू नका.

जाणार असाल तर एवढं करा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, पण दगड निसरडे होतात आणि गवतात जनावराचं भय. सकाळी नऊच्या आत पोचा, दुपारी दगड तापतात. पायांत पट्ट्याच्या चपला किंवा बूट घाला. पाणी भरपूर न्या आणि डबा घरूनच. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळी नेली होती. काहीही सांडलं-लवंडलं नाही. स्वच्छतागृहाची सोय आत मिळेलच असं धरू नका. वसई स्टेशनात किंवा गावातच आवरून घ्या. मुलांना भिंतींवर चढू देऊ नका, दगड सुटे आहेत. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी भिंतींवर बदामात नावं कोरणारे महाभाग भेटतातच. आपली मुलं त्यांत नसावीत, एवढं आपल्या हाती आहे. आणि चिमाजीअप्पांचा पुतळा अवश्य पाहा. सासूबाईंनी तिथं हात जोडले आणि सोबतचं फूल वाहिलं.

आणखी एक. पुढं कधी नाशिकला गेलात तर गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा पाहा. तिच्यावर १७२१ साल आहे. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटांपैकी ती एक. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो ना, तीच! घंटेनं देव बदलला, आवाज काही बदलला नाही.

सुटीनंतर शाळा सुरू झाली. सातवीच्या दुसऱ्या तुकडीला तोच धडा घ्यायचा होता. फळ्यावर नेहमीसारखं 'वसईचा विजय, १७३९' लिहिलं. चिमाजीअप्पांचं शौर्य सांगताना माझा आवाज आजही चढतो आणि चढायलाच हवा. त्या वेढ्यात हजारो माणसं कामी आली. पण या वेळी खाली तीन प्रश्न लिहिले : किल्ला कोणी बांधला? त्यासाठी भात कोणी पिकवला? आणि सगळे गेल्यावर मागे कोण राहिलं? मुलांनी तासभर वर्ग डोक्यावर घेतला.

मधल्या सुटीत बाईंना हे सांगितलं. त्यांनी काही न बोलता लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली. आणि हो, मागच्या महिन्यात ह्यांनी बँकेतून एक फॉर्म आणला. गावाकडच्या जमिनीच्या पैशांची ठेव होती, त्यावर आता सासूबाईंचं नाव पहिलं आहे. सहलीत खर्च किती झाला असं कोणी विचारलं, तर एवढं जमेच्या बाजूला नक्की लिहीन.